लाल फ्लॉपीवरचं जुनं

तिथे नको, तिथे नको ठेवूस, तो काउंटर हलतो—इकडे दे, ह्या टेबलावर. हां, सावकाश. अगं, एवढं धूड एकटीनं उचलून आणलंस? रिक्षावाल्याला म्हणायचं ना, आत आणून दे म्हणून—पण ते कुठले आणून देतायत, द्वारकेला सिग्नलच्या अलीकडेच उतरवतात आणि वर आपल्यालाच म्हणतात, चला मॅडम लवकर. बस. थांब, स्टूल पुसतो. चहा सांगू? नको? बरं, पाणी तरी घे. —हो, कळलं होतं मला ताईंचं, तुझ्या आईचं. दहाव्याला आलो होतो की मी घाटावर, तुला दिसलो नसेन, मागे उभा होतो, गाड्या लावतात तिकडे. कावळा शिवत नव्हता. तुम्ही सगळे एकेक बोलत होतात—नातवाची मुंज वेळेत करू, देवघर मृण्मयी नेईल—अर्धा तास झाला तरी शिवेना. मी निघून आलो मग. म्हणलं, आपल्यामुळे अडायला नको—म्हणजे दुकान उघडायचं होतं, म्हणून. शिवला ना नंतर? शिवला. बरं झालं.

तर हे चालू करायचंय. आत्ता? कशाला पण? फ्लॅट रिकामा करतेयस, ठीक आहे, तर हे ठेव माझ्याकडे, मी काही भंगारात घालणार नाही. एकदा ऐकायचंय? —हे बघ मृण्मयी, तुला स्पष्ट सांगतो, ह्याची डिस्क गेलेली आहे. सोळा सालीच गेली. सरांना सांगितलं होतं, ताईंना सांगितलं होतं. पस्तीस वर्षांची कॉम्प्युटर मशीन आहे ही! तुझ्या बाबांच्या मावसभावानं लंडनहून आणली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, कीबोर्डवर शिरा सांडला होतास, आठवतं का? सरांनी एकेक बटण काढून टूथब्रशनं घासलं होतं. आता ह्याचे पार्ट कुठे मिळणार— काय? लावून बघितलीस? टीव्हीला? कधी, काल? आणि सगळं दिसतंय. फाइली दिसतायत. हां... दिसतात गं, दिसतात. दिसणं वेगळं आणि—डिस्कचं कसं असतं—थांब जरा, मला कव्हर तरी काढू दे.

दिसतंय म्हणजे डिस्क ठीक आहे, असंच म्हणायचंय ना तुला? सरांची मुलगी तू, तुला काय फसवणार मी. बरं, ठीक आहे डिस्क. चांगली आहे. डिस्कला कधीच काही झालं नव्हतं.

ऐक. तुला बाबांनी सांगितलं होतं का कधी, लायब्ररी म्हणजे काय ते? ह्या मशीनमध्ये प्रत्येक प्रोग्राम सगळी कामं आपली आपण नाही करत. चित्र काढायचं, अक्षर उमटवायचं, आवाज काढायचा—ही कामं करणाऱ्या फाइली वेगळ्या, सगळ्यांना मिळून एक. त्या लायब्रऱ्या. चाळीत एकच नळ असतो ना आणि बारा बिऱ्हाडं त्याच्यावर पाणी भरतात, तसं. नळ बदलला की बाराही घरांत फरक पडणार. आणि गंमत बघ, ही मशीन काढणारी कंपनी कधीच बुडाली, पण तिकडे जर्मनीत, पोलंडात आमच्यासारखे वेडे अजून आहेत, ते ह्या लायब्रऱ्या सुधारून सुधारून नवीन काढत असतात. फुकट. आकडा वाढत जातो—चाळीसची त्रेचाळीस, त्रेचाळीसची पंचेचाळीस. रविवारी सकाळी आम्ही तुमच्याकडे गंगापूर रोडला जमायचो ते ह्यासाठीच की. आधी चौघं होतो, मग शेखर बदली होऊन गेला, एकाचं लग्न झालं आणि तो बायकोला घाबरायला लागला, राहिलो आम्ही दोघं. मी नवीन नेटवरून उतरवून न्यायचो, सर टाकायचे. मला लय हौस—नवीन आलं की त्याच आठवड्यात आपल्याकडे पाहिजे. सर म्हणायचे, चालतंय ना सोमनाथ, मग कशाला घाई? आणि त्यांचा नियम होता एक. नवीन टाकण्याआधी जुनं लाल फ्लॉपीवर काढून ठेवायचं. लाल फ्लॉपी एकच, तिच्यावर सरांच्या अक्षरात लिहिलेलं, 'जुनं'. दर वेळी तिच्यावरचं पुसायचं आणि आत्ता जे मशीनमध्ये आहे ते ठेवायचं. फ्लॉप्या मिळत नव्हत्या ना तेव्हा, दुसरी कुठून आणणार? तो नियम मी कधी मोडला नाही. एकदाही नाही, हे लक्षात ठेव तू.

मग ताईंचं ते ऑपरेशन झालं. नऊ साल. तू हॉस्टेलला होतीस. स्वरयंत्रच काढलं म्हणल्यावर—अगं, मराठीच्या बाई त्या, वर्गात एका हाकेत पन्नास पोरं गप्प करायच्या, आणि घरी आल्या तर नुसत्या बघत बसायच्या. ह्या मशीनला बोलता यायचं, आधीपासूनच, पण इंग्रजी. अक्षरं टाइप केली की ती वाचायची. कुठल्या अक्षराचा काय उच्चार करायचा हे ठरवणारी एक लायब्ररी होती. सरांनी ती उघडली. सातपूरहून ड्युटी करून यायचे आणि बसायचे, वर्षभर. ळ बसवला, ण बसवला. चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा, हे त्या मशीनला शिकवलं त्यांनी! ताई शेजारी पेन्सिल घेऊन बसायच्या, चुकलं की टेबलावर टक् करायच्या, शाळेतल्यासारखं. दहा सालच्या दिवाळीत मी फराळाला आलो तर मशीन म्हणते, 'सोमनाथ, चकली मऊ झालीय, नावं ठेवू नकोस.' मला रडूच आलं. आवाज काही ताईंचा नव्हता, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा—पण दोन महिन्यांत तो ताईंचाच झाला. तुझ्या बघण्याच्या कार्यक्रमात नाही का, तुझ्या सासूबाई बिचकत बिचकत विचारायला लागल्या, मुलीला स्वयंपाक येतो का, आणि मशीन म्हणाली, 'तुमच्या मुलाला येतो का?' तुझे सासरे सोफ्यावरून पडायचे राहिले.

सहा वर्षं. सहा वर्षं त्या बोलल्या.

मी सरांना म्हणायचो, सर, ही फाइल तुमची आहे, हिला आपला आकडा द्या, नव्याण्णव द्या. ते म्हणायचे, अरे, मूळ काम दुसऱ्याचं, मी नुसती दुरुस्ती केलीय, त्याचाच आकडा राहू दे. चाळीस होता, चाळीसच ठेवला. म्हणजे बघ, थोडीफार चूक त्यांचीही—नाही. नाही, असं नको म्हणायला. जीभ झडेल माझी.

सोळा सालचा ऑगस्ट. मशीन माझ्याकडे आली, आतले कपॅसिटर गळायला लागले होते, ते बदलायचे होते. बदलले. ह्याच टेबलावर. आणि नेमका त्याच आठवड्यात नवीन संच आला, सेहेचाळीसचा, एकतीस लायब्रऱ्या. म्हणलं, मशीन आलीच आहे तर करून देऊ, सर खूश होतील. नियमाप्रमाणे जुनं लाल फ्लॉपीवर काढलं. नवीन टाकायला घेतलं. तो प्रोग्राम प्रत्येक फाइलला विचारतो, आधीची जुनी आहे, बदलू का? एकतीस वेळा कोण बसणार—मी सांगितलं, सगळ्यांना हो. ताईंच्या आवाजाची ती फाइल आकड्यानं चाळीसच. गेली तीही. तुला वाटेल, ह्याला आठवलं कसं नाही? मीही सगळ्यांना हेच—म्हणजे मनातल्या मनात हेच सांगत आलो, की आठवलं नाही. आठवलं होतं गं. बटणावर बोट होतं आणि आठवलं होतं. पण म्हणलं, नवीन आहे ना, चांगलीच असेल. आणि नाहीच जमलं तर लाल फ्लॉपी आहे की.

दुसऱ्या दिवशी काय झालं, स्क्रीनवर अक्षरं थरथरायला लागली. संचातच चूक होती, त्यांनी लगेच दुरुस्त करून दुसरा काढला. मी तो उतरवला. आणि तो टाकण्याआधी—काय करायचं? नियम काय होता? हां. जुनं लाल फ्लॉपीवर. मी लाल फ्लॉपी पुसली आणि आदल्या दिवशीचं 'जुनं' तिच्यावर ठेवलं. सरांची फाइल होती ना तिच्यावर, एकुलती एक—ती मी नियम पाळून पुसली. कळलं कधी? कळलंच नाही. मशीन मस्त चालत होती, अक्षरं स्वच्छ, मी एकटाच हसत होतो. बोलायला लावून बघितलं नाही. दुकानात कुठे बोलायला लावणार.

रविवारी घेऊन आलो. ताईंनी पोहे केले होते. माझ्यासमोर बशी ठेवली आणि नेहमीसारख्या बसल्या टाइप करायला—'सोमनाथ, लिंबू पिळून घे.' आणि ती मशीन काय बोलली देव जाणे. कोणी साहेब नाकात बोलतोय असं काहीतरी. ताई हसल्या. त्यांना वाटलं, मी आणि सरांनी काही चेष्टा केलीय. परत टाइप केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं, एकेक अक्षर बघून. मग हात मांडीवर ठेवले. मला त्याच क्षणी लाल फ्लॉपी डोळ्यांसमोर दिसली. बोलायला पाहिजे होतं तेव्हाच. तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? ताई रागावल्या असत्या, सर रागावले असते, महिनाभर पोहे मिळाले नसते. बस, एवढंच! पण सरांनीच विचारलं, सोमनाथ, डिस्क खराब झाली का रे? आयतंच हातात दिलं मला. मी म्हणलं, हो सर, डिस्क गेलीय, निघालं तेवढं काढलं. आणि लाल फ्लॉपी? तीही खराब निघाली, सर.

आणि मग—हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सरांचे डोळे तेव्हा गेलेच होते जवळजवळ, काचबिंदू, तुला माहितीच आहे. स्क्रीनवरचं वाचता यायचं नाही. ते म्हणाले, त्या लायब्ररीचा आकडा बघ रे, कोणती आहे आत. एक कमांड असते, लगेच आकडा येतो. मी टाइप केलं. समोर लखलखीत सेहेचाळीस. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, मान वाकडी करून. मी वाचलं—'चाळीस, सर.'

चाळीस म्हणल्यावर त्यांना काय वाटणार? की आपलीच फाइल आहे आणि आपलीच नासली. 'माझीच चूक,' म्हणाले. 'एकाच ठिकाणी ठेवली. मी आणखी एक प्रत ठेवायला हवी होती.' ताईंनी तेव्हा ती वही ओढली, वाणसामानाची यादी करायची, आणि लिहिलं—मी वाचलं, समोरच होतो—'माझा आवाज तुम्ही एका डब्यात ठेवलात? इंजिनिअर ना तुम्ही?' सरांना ते दिसेना. त्यांनी वही माझ्याकडे दिली, सोमनाथ, काय लिहिलंय रे? मला वाचून दाखवावं लागलं ते. माझ्या तोंडानं.

काय काढतेयस पिशवीतून? —वह्या. सगळ्या? किती आहेत? सात. नको, मला नको दाखवूस. मला माहितीये त्यात काय आहे. 'औषध.' 'दार.' 'जेवण.' एका पानावर एक शब्द, मोठ्या अक्षरात, म्हणजे सरांना दिसावा. मी येत होतो ना रविवारी, बघत होतो. तू फोन आणून दिलास, त्यात मराठी बोलणारी बाई होती, चांगली स्वच्छ बोलायची—ताईंनी लिहिलं, 'ही कोण बाई? हिला घरी पाठव.' हसायचं का रडायचं. सरांशी त्या बोलल्याच नाहीत मग. म्हणजे वहीतसुद्धा. अडीच वर्षं एक-एक शब्द. आणि सर एकोणीसच्या जानेवारीत गेले. तुला वाटत आलं असेल ना, की बाबांनी निष्काळजीपणा केला आणि आई कडू झाली? मलाही म्हणाली होतीस, बाबांच्या तेराव्याला, 'काका, बाबांनी एक कॉपी ठेवायला काय हरकत होती हो?' मी मान हलवली होती. आठवतं? मी मान हलवली होती.

त्यांनी जाण्याआधी मला रजिस्टर दिलं होतं त्यांचं. उच्चारांचे नियम, हातानं लिहिलेले, अर्धे शाईत, अर्धे पेन्सिलीत, ताईंच्या खुणा बाजूला. म्हणाले, तुला जमतंय का बघ. तुला जमेल. मी पुन्हा केली ती फाइल, मृण्मयी. मला कुठे येत होतं ते, मी टीव्ही-रेडिओवाला, निफाडचा, बारावी नापास—शिकलो. चार वर्षं लागली. तेवीसच्या पाडव्याला झाली. इथेच बसून माझ्या मशीनवर ऐकली, ळ आला, ण आला, चहा आला, चमचा आला. आणि आकडा दिला तिला मी. नव्याण्णव. आता कोणी बदलू शकणार नाही.

अगं हो. तेवीसच्या. ताई होत्या. अडीच वर्षं होत्या त्यानंतर, मला येतं गणित.

नाही नेली. आता जातो, उद्या जातो, द्राक्षाचा सीझन होऊ दे, दिवाळी होऊ दे. फाइल देणं काय, दहा मिनिटांचं काम. पण त्या बोलायला लागल्या असत्या ना! पहिलं काय विचारलं असतं? डिस्क गेली होती तर हे कसं चालतंय? आणि मी सांगितलं असतं की सरांचं काही चुकलं नव्हतं, तर त्यांनी त्या अडीच वर्षांचं काय करायचं होतं? त्या एक-एक शब्दाचं? सर तर गेलेले. माफी कोणाची मागणार? मी म्हणलं, त्यांना नको हा ताप. त्यांच्यासाठीच म्हणलं—असं म्हणायचो मी. त्यांच्यासाठी कसलं. मला माझं तोंड दाखवायचं नव्हतं, बस.

कुठलं पान? ...हे. हे इथलं, द्वारकेचं. तारीख टाकलीय त्यांनी. मग तू माहीत असूनच आलीयस. आल्या होत्या त्या, हो. रिक्षा करून, एकट्या, जुलैत. तू आत्ता बसलीयस त्याच स्टुलावर बसल्या आणि वही माझ्यासमोर धरली. वाचू? तूच वाच—नाही, मी वाचतो, मला पाठ आहे. 'सोमनाथ, मशीन चालू होईल का? ह्यांना मी फार टाकून बोलले. त्यांचं काम एकदा ऐकावं वाटतं.' आणि मी—ड्रॉवर हा, बघ, हा माझ्या गुडघ्याला लागत होता, आणि फ्लॉपी ह्यात होती—मी म्हणलं, नाही हो ताई. पार्टच येत नाहीत आता. त्यांनी मान डोलावली. वही मिटली. जाताना माझ्या हातावर हात ठेवला, माझं सांत्वन केल्यासारखा. माझं!

घे. ही घे. तीच लाल फ्लॉपी, सरांचं अक्षर आहे अजून. आत घाल, लेबल वर. तो टीव्ही लावतो मी. ...थोडा वेळ घेते, खरखर करते, घाबरू नकोस. हां. आली. आता ह्या चौकटीत टाइप कर, इंग्रजी अक्षरांत, आणि एंटर. काहीही कर. आईचं नाव कर, बाबांचं कर. शिव्या दे मला, दोन शिव्या दे. ...दोन बोटांनी करतेस, अगदी ताईंसारखं. काय, वहीतलं? ते नको, मृण्मयी. दुसरं काही कर. अगं, ते नको—

'सोमनाथ, मशीन चालू होईल का?'

...

होईल, ताई. झालीय. केव्हाच झालीय, ताई, इथे ड्रॉवरमध्येच होती.

थांब, मी वायरी काढतो. तशीच ने, फ्लॉपी आतच राहू दे. समोरून रिक्षा मिळेल तुला. आणि जाताना शटर ओढून घे बाहेरून.